‘मला पटत नाही’ आणि ‘तुला मिळता कामा नये’

‘मुलगा समलिंगी आहे हे कसंबसं पचवलं. पण आता तो हक्क मागतोय, आणि आमच्या धर्मात हे बसत नाही.’ हे वाक्य समुपदेशन करताना इतक्या आईवडिलांकडून ऐकलंय, की एका काकांची गोष्ट सांगायलाच हवी. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

काका बँकेतून निवृत्त झालेले, माळकरी. १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता नाकारली, तेव्हा त्यांनी देवापुढे साखर ठेवली. मुलगा त्या रात्री जेवला नाही. पुढे बोलणंच बंद झालं.

पहिल्या भेटींत मी त्यांची श्रद्धाच बदलायला बघत होते. हा आजार नाही, २०१८पासून गुन्हाही नाही, सगळं सांगून झालं. ते ऐकून घ्यायचे आणि जागचे हलायचे नाहीत. मग एकदा विचारलं, ‘तुमच्या काउंटरवर असे दोघं जॉइंट खातं उघडायला आले असते तर?’

‘कागदपत्रं बघून दिलं असतं उघडून.’

‘आणि धर्म?’

‘खात्यात धर्माचा काय संबंध?’

बोलले आणि थबकले. बोटं गळ्यातल्या माळेवर गेली. मी मुद्दाम गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकानं मध्ये तोंड घालू नये, हे मी अनुभवानं शिकलेय. बऱ्याच वेळानं म्हणाले, ‘कोर्टात यांनी मागितलं काय होतं नक्की?’

मी सांगितलं, मुख्य मागणी १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे धर्मविधींशिवाय होणाऱ्या लग्नाच्या नोंदणीची होती. धर्मांच्या विवाह कायद्यांत न्यायालय शिरलंच नव्हतं.

‘म्हणजे सप्तपदी नव्हतीच त्यात,’ काका पुटपुटले.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानते, म्हणजे मत आणि हट्ट वेगळे ओळखायला शिकवणारी. ‘मला पटत नाही’ हे मत झालं, ते जन्मभर जपावं. ‘तुला मिळता कामा नये’ हा हट्ट, आणि घर मोडतं ते हट्टानं. पालकांनो, वाद पेटला की आपण यातलं कुठलं वाक्य बोलतोय ते तपासा. मुलांनो, वडिलांची माळ उतरवायचा हट्ट तुम्हीही धरू नका. ती गळ्यात ठेवूनही ते तुमच्या बाजूनं सही करू शकतात.

ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं, की समलिंगी जोडीदारांना जॉइंट खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी नेमायला कसलीही आडकाठी नाही. त्यानंतरच्या भेटीत काका म्हणाले, ‘लग्नाचं अजून पटलेलं नाही हं मला.’ पण आदल्या रात्री त्यांनी मुलाला आपणहून विचारलं होतं, खात्याला नॉमिनी कोण लावलंय म्हणून. त्यानं आईचं नाव सांगितलं.

‘म्हटलं, बदलून घे. फॉर्म मी भरून देतो.’