वर्षावास आणि कपाशीची दोन पानं

प्रिय चिऊ,

जय भीम.

परवा फोनवर तू विचारलंस ते डोक्यातून जाईना. वर्षातल्या सर्वात मोठ्या रात्रीच्या सणाला तुझी कोरियन मैत्रीण तुला त्यांच्या बुद्धमंदिरात घेऊन गेली, तिथे लाल कडधान्याची पेज वाढली. त्या लाल रंगाने वाईट शक्ती पळतात, असं तिच्या आजीने सांगितलं. आणि तू मला विचारलंस, "आई, आपणही बौद्ध ना? मग आपण त्या दिवशी काय करतो?"

त्या दिवशी आपल्याकडे काहीच नसतं गं. इथे टोरंटोत तेव्हा दिवस नऊ तासांचाही भरत नाही, चार वाजताच दिवे लावावे लागतात. धुळ्याकडे तोच दिवस पावणेअकरा तासांच्या वर असतो. आपल्या गावाला अंधाराची भीती कधी वाटली नाही. आपला जीव टांगलेला असतो तो पावसावर. म्हणून आपला ऋतूचा विधीही पावसाचाच: वर्षावास.

तो आषाढी पौर्णिमेला सुरू होतो. याच पौर्णिमेला भगवंतांनी सारनाथला पाच भिक्खूंना पहिला उपदेश केला. तिथून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने भिक्खू एकाच ठिकाणी राहतात. का, तर पावसाळ्यात फिरताना कोवळं गवत आणि बारीक जीव पायाखाली येतात, अशी लोकांनी तक्रार केली होती. तेव्हा भगवंतांनी हा नियम घातला. आई-वडील आजारी असतील तर मात्र सात दिवसांपुरतं जायची मुभा ठेवली. इतक्या दूर राहून मला ही मुभा फार जवळची वाटते.

हा नियम मी आधी शेतात शिकले, विहारात नंतर. मी सात-आठ वर्षांची असेन. कपाशी नुकतीच उगवली होती. दोन जाडसर पानं, एका रोपाच्या डोक्यावर सरकीचं टरफल अजून टोपीसारखं अडकलेलं. मी धावत निघाले तर मायने, म्हणजे तुझ्या आजीने, माझा घोटाच धरला. "पाय कुठे ठेवतेस ते बघ," एवढंच म्हणाली. पुढे विहारात वर्षावासाचं कारण ऐकलं तेव्हा मला ते टरफलच दिसलं.

"आज पुनव शे," म्हणत माय पहाटेच उठायची. पांढरं लुगडं नेसून विहारात त्रिशरण घ्यायची, अष्टशील, म्हणजे उपवासाच्या दिवसाचे आठ नियम, पाळायची, दुपारी बारानंतर अन्नाचा कण नाही. मग रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन. मायला अक्षर येत नव्हतं, पण वाचणाऱ्याने ओळ गाळली तर तिला कळायचं! शेवटी चीवरदान, म्हणजे भिक्खूंना वस्त्रं द्यायची, तेव्हा कापूस वेचणीला आलेला असायचा.

वर्षावासाच्या याच काळात, ३१ जुलैला, धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर गर्दी लोटते. १९३७ साली कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले असताना बाबासाहेब तिथे थांबले होते. मी आबांच्या खांद्यावर बसून तो चढ चढलेय.

सूर्याकडे आपल्या लोकांचं लक्ष नव्हतं असं मात्र समजू नकोस. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा. भिक्खूंना पावसाळ्यात राहता यावं म्हणून अशी लेणी कोरली गेली. अभ्यासक सांगतात की तिथल्या १९ क्रमांकाच्या चैत्यगृहाचा, म्हणजे वंदनेच्या लेण्याचा, रोख हिवाळ्यातल्या अयनदिनाशी, म्हणजे तुझ्या मैत्रिणीच्या त्या सर्वात मोठ्या रात्रीच्या दिवसाशी जुळतो, आणि २६ क्रमांकाचा उन्हाळ्यातल्या, सर्वात मोठ्या दिवसाशी. म्हणजे डोंगरात पहिली छिन्नी लावण्याआधी कुणीतरी पहाटे उठून सूर्य कुठून उगवतो ते पाहत बसलं असणार. पुढच्या खेपेला आपण दोघी जाऊ.

मैत्रिणीला हे सगळं सांग, आणि तिच्या आजीच्या हातची पेज मिळाली तर आनंदाने खा.

आषाढी पौर्णिमेला आजीला फोन कर. धुळ्याकडच्या सकाळी लाव, दुपारनंतर ती विहारातच असते. ग्रंथवाचन कुठवर आलंय ते विचार.

तुझी,
आई