बैल स्वतःच्या पायाने गेला: यहुदी कायद्यातली आडून झालेली नुकसानी, तुमचे प्रश्न

प्रश्न: कुणी शेजाऱ्याच्या गोठ्याची भिंत पाडली आणि बैल पळून गेला, तर बैलाचे पैसे मिळतात का?

नाही मिळत. भिंत धड असेल तर भिंतीचे मिळतील, बैल मात्र स्वतःच्या पायाने गेला ना! अशा आडून झालेल्या नुकसानीला ‘ग्रामा’ म्हणतात, आणि तालमूद या यहुद्यांच्या जुन्या धर्मग्रंथाच्या बावा कामा या भागात सरळ नियम आहे की ग्रामाला भरपाई नाही. पण थांबा, तिथेच असंही आहे की भिंत पाडणारा माणसांच्या कोर्टात सुटला तरी देवाच्या दरबारात देणं लागतो, आणि त्याच यादीत खोटे साक्षीदार उभे करणारा न् माहीत असून साक्ष न देणाराही बसवलाय.

प्रश्न: मग मी दिलेल्या कर्जाचा कागद कुणी जाळला तर तो म्हणणार, मी फक्त कागद जाळला?

अगदी हेच तालमूदमधला राब्बा नावाचा पंडित म्हणाला, कागदाची किंमत घ्या न् गप्प बसा. पण दुसरं मत जिंकलं. अशा नुकसानीला ‘गर्मी’ म्हणतात (आपल्या उन्हाळ्याशी संबंध नाही), हे मत रब्बी (धर्मपंडित) मेईरच्या नावावर आहे, आणि यात पूर्ण भरावं लागतं. राव आशीने (राव म्हणजेही रब्बीच) लहानपणी कुणाचा तरी असा कागद जाळला होता, पुढे एवढा मोठा पंडित झाला तरी राफ्राम या पंडिताने त्याच्याकडून पुरेपूर वसूल केलं. ग्रामा कुठे संपतो न् गर्मी कुठे सुरू होते यावर मात्र शेकडो वर्षं झटापट चाललीय, काही म्हणतात नुकसान तिथल्या तिथे झालं तर गर्मी, काही म्हणतात हे प्रकार सारखे व्हायला लागले म्हणून बसवलेला दंड. मला पहिलं जास्त पटतं.

प्रश्न: भरपाई नाही म्हणजे करायला मोकळीक?

छे! राव योसेफची खजुराची लहान झाडं होती, त्याखाली लोकांचं रक्त काढणारे वैदू बसायचे, रक्तावर कावळे यायचे आणि मग वर झाडावर बसून खजूर नासवायचे. तो वैतागून म्हणाला, ही कावकाव इथून हलवा. अबाये हा दुसरा पंडित म्हणाला, अहो पण हा तर ग्रामा! उत्तर आलं, ग्रामा करायलाही मनाईच आहे. म्हणजे पैसे मागता येत नाहीत, पण उठवता येतं. सोसायटीत कबुतरांना दाणे टाकणारे आठवले की नाही?

प्रश्न (दिमोनाहून): इथे इस्रायलच्या कोर्टात हे चालतं का?

साध्या कोर्टात नुकसानभरपाईचा 1944 चा ब्रिटिश काळातला कायदा चालतो. बेत दीनकडे, म्हणजे धर्मपंचांकडे, दोघं राजीखुशीने गेलात तर आधी लवादाच्या कागदावर सह्या घेतात, तो नीट वाचा, त्यात बऱ्याचदा ‘तडजोडीनेही निकाल देऊ’ असं असतं आणि त्या जोरावर ग्रामाचेही पैसे लावता येतात.

प्रश्न: सराफाने नाणं चांगलं सांगितलं, निघालं खोटं?

कच्चा असेल तर भरतो, कसलेला असेल तर सुटतो. रब्बी हिय्या कसलेलाच, तरी त्याने भरून दिलं. एका बाईला दीनार चांगला आहे म्हणाला, दुसऱ्या दिवशी ती परत, कुणी घेतच नाही म्हणून. तो ‘राव’ याच नावाच्या आपल्या शिष्याला म्हणाला, हिला बदलून दे आणि वहीत लिही, आतबट्ट्याचा व्यवहार.