सीलबंद जुना व्हिडिओ गेम: सील कंपनीचं की नंतर मारलेलं, कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: भुसावळच्या एका गृहस्थांकडे निन्टेन्डोच्या एनईएस मशीनचा 'सुपर मारिओ ब्रॉस. 3' सीलबंद आहे. खोका अमेरिकन. मामांनी 1991 साली दुबईहून आणला, तेव्हापासून पोटमाळ्यावर होता, असं ते सांगतात. भाव 60 हजार. सोबत पीएस-2 चे, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन-2 मशीनचे, चार सीलबंद गेम. फोटो तुम्ही टाकलेत, ते मी मोठे करून पाहिले.

मारिओ घेऊ नका. घ्यायचाच असेल तर सीलबंदचा भाव देऊ नका. पीएस-2 चे मात्र बघण्यासारखे वाटतात.

जळगाव एमआयडीसीत माझं पॅकिंगचं काम आहे. मसाल्याच्या डब्या, वह्यांचे गठ्ठे, अगरबत्तीचे पुडे असं सगळं श्रिंक फिल्ममध्ये, म्हणजे गरम केली की आवळणाऱ्या प्लास्टिकमध्ये, बांधून देतो. जुने गेम जमवणं हा नंतर लागलेला नाद. त्यामुळे खोका हातात आला की मारिओच्या आधी मला फिल्मच दिसते.

आधी खर्चाचं बोलू. एका डीव्हीडीच्या डबीला रुपया-दोन रुपयांची फिल्म लागते. एल-सीलर (फिल्म चिकटवून कापणारं मशीन) आणि टनेल (फिल्म आवळणारी गरम पेटी) असलेली युनिटं आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत, आणि ते नसेल तर साधी हीट गन पुरते. मोबाईलचे रिकामे डबे घेऊन "भाऊ, एवढं श्रिंक मारून द्या ना" म्हणणारे माझ्या दारातही येतात. मी देत नाही, पण देणारा त्यांना मिळतोच. फिल्म घट्ट आहे, चकचकीत आहे, कुठे फाटलेली नाही, एवढ्यावर कुणी हजारो रुपये मागत असेल तर तो तुम्हाला दोन रुपयांची वस्तू विकतोय. बघायचा तो जोड. कंपनीचं मशीन कोणतं होतं ते जोड सांगतो.

आमच्याकडची फिल्म रोलवरच मधून दुमडलेली येते. वस्तू त्या दुमडीत सरकवायची, एलच्या आकाराचा गरम बार खाली आला की दोन बाजू एकदम चिकटतात आणि कापल्याही जातात. तिसरी बाजू मागच्या कापाची, चौथी दुमडीची. म्हणजे जोड खोक्याच्या तीन कडांवरून, जाडीच्या बाजूने फिरतो आणि पाठ कोरी राहते. कोपऱ्यांवर फिल्मचे छोटे कान उभे राहतात, टनेलमधून गेल्यावर ते आवळून टोकदार होतात. दुकानात परत आलेला माल पुन्हा बांधायला अमेरिकेतली दुकानंही असली साधी मशीनं वापरायची.

निन्टेन्डोचं काम वेगळं. त्यांच्या मशीनवर फिल्मची आधी नळी व्हायची, गेम त्या नळीतून पुढे सरकायचा, आणि नळी दोन्ही टोकांना कापून चिकटवली जायची. म्हणून जोड तीन: एक पाठीवरून जाणारा, दोन टोकांचे. तिन्ही मिळून इंग्रजी एच दिसतो. जमवणारे त्याला एच-सीमच म्हणतात. परवानाधारक कंपन्यांची काडतुसंही (मशीनमध्ये खोचायच्या, आत गेम असलेल्या डब्या) निन्टेन्डो स्वतः बनवून द्यायची, त्यामुळे खोक्यावर नाव कुणाचंही असो, एनईएसच्या बहुतेक गेमवर हाच एच सापडतो. टेंगेनसारख्या ज्या कंपन्यांनी परवाना झुगारून आपली काडतुसं आपणच काढली, त्यांना हा नियम लावू नका. आणि 1985-86 च्या अगदी सुरुवातीच्या खोक्यांवर फिल्म नव्हतीच, झाकणावर नुसतं गोल स्टिकर असायचं.

आता तुमचा फोटो. मारिओच्या पाठीवर जोड नाही. वरच्या कडेवर आहे आणि उजव्या कोपऱ्यात कान स्पष्ट दिसतोय. माझा ऑपरेटर पारोळ्याकडचा, त्याला निन्टेन्डो म्हणजे काय हे ठाऊक नाही. त्याला फोटो दाखवला तर चहा न ठेवता म्हणाला, "हाऊ जोड कंपनीना नही, आपलासारखा मशीनना शे." त्याला एवढंच कळतं आणि इथे तेवढंच पुरतं.

पण एच दिसला म्हणजे काम झालं असंही समजू नका. नकली करणाऱ्यांनाही एच माहीत आहे, आणि हाताच्या सीलरवर नळी करता येते. तिथे सराफांचं दहा पटीचं भिंग कामाला येतं. सोनं घेणाऱ्या जळगावात ते मिळायला अडचण नाही. मशीनचा जोड या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच रुंदीचा असतो. हाताचा जोड मध्येच जाड होतो, मध्येच नागमोडी जातो, शेवटी वितळलेला थेंब साचलेला दिसतो. हीट गन एका जागी जास्त थांबली की तिथे फिल्म दुधाळ होते, उशिरा पोचली की सुरकुती राहते. फिल्म आवळताना आतली हवा बाहेर पडायला बारीक भोकं लागतात. कारखान्यात ती गोल आणि ठरावीक अंतरावर पडतात. घरी करणारा टाचणी खुपसतो, मग भोक एका बाजूला फाटलेलं आणि कुठेही असतं. हे सगळं ऊन तिरपं पडत असताना बघा, ट्यूबलाइटखाली काही दिसत नाही.

त्याहून सोपी खूण फिल्मच्या खाली असते. खोका आणि फिल्म एकत्र म्हातारे झाले पाहिजेत. पुठ्ठ्याचा कोपरा घासून पांढरा झालाय आणि त्यावरची फिल्म कोरी करकरीत, हे होऊच शकत नाही. आधी कोपरा घासला, नंतर फिल्म आली. तसंच झाकणाच्या घडीवर पांढरी रेघ, फिल्मच्या आत बोटाचा ठसा, केस, जुन्या किमतीच्या स्टिकरचा चिकट डाग. तुमच्या मारिओच्या खालच्या झाकणावर घडीची रेघ आहे, ते झाकण निदान एकदा तरी उघडलं गेलंय. मागच्या बाजूला टांगण्यासाठीची पुठ्ठ्याची पट्टी असलेले खोके निघाले तर ती पट्टी फिल्मखाली शाबूत आहे का तेही बघत जा.

आणि पोटमाळा! भुसावळला उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, पत्र्याखाली तर त्याहून भयंकर. इतकी वर्षं तिथे पडलेली जुनी पीव्हीसी फिल्म हळूहळू आणखी आवळत जाते, पिवळट होते, कोपऱ्यावर तडकते, आणि आतला पुठ्ठा वाकवते. त्या गृहस्थांची फिल्म परवा रोलवरून उतरल्यासारखी मऊ आणि पारदर्शक आहे. पोटमाळ्याची गोष्ट खरी असेल तर फिल्म खोटी, फिल्म खरी असेल तर पोटमाळा खोटा.

दुबईचंही तसंच. आखातात आणि आपल्याकडे तेव्हा टीव्ही पाल पद्धतीचे होते, अमेरिकेत एनटीएससी. अमेरिकन काडतूस युरोपीय मशीनमध्ये निन्टेन्डोच्या कुलूप-चिपमुळे चालायचंही नाही. मामा अमेरिकन खोका आणू शकतच नव्हते असं मी म्हणत नाही, पण मग तो कोणत्या मशीनवर खेळायला आणला होता ते विचारा. घरी तेव्हा मीडियाचं (आपल्याकडे मिळणारं, निन्टेन्डोची नक्कल असलेलं) मशीन होतं असं उत्तर आलं तर हसू आवरा: त्या मशीनची काडतुसं 60 पिनांची, अमेरिकन एनईएसची 72.

त्यांनी तुम्हाला "हा दुर्मीळ छापाचा आहे" असंही सांगितलंय. मारिओ 3 च्या पहिल्या अमेरिकन छपाईत 'ब्रॉस.' हा शब्द डावीकडे सरकलेला आहे, मारिओच्या पांढऱ्या हातमोज्यावर चढलेला. त्याला जास्त भाव मिळतो हे खरं. तुमच्या फोटोत तो उजवीकडे आहे. म्हणजे नेहमीचाच छाप.

पीएस-2 कडे वळू. इथे श्रिंक नाही, ओव्हररॅप. जुन्या ऑडिओ कॅसेटच्या डबीवर असायचं तेच आवरण: पातळ, कडक, फोडताना चर्रकन आवाज करणारं. फिल्म डबीभोवती गुंडाळायची, दोन्ही टोकांना पाकिटासारखी घडी घालायची आणि गरम पट्टीने दाबायची. टोकाची ती घडी इंग्रजी वायसारखी दिसते. एल-सीलरवर ती येत नाही. म्हणून पीएस-2 ची डबी कडेला जोड आणि कोपऱ्यात कान घेऊन आली तर पुढे बघायचीसुद्धा गरज नाही. तुमच्या चारही डब्यांच्या टोकांना घड्या आहेत आणि त्या सारख्या मापाच्या आहेत. हाताने घातलेल्या घड्यांचे कोन एकमेकांशी जुळत नाहीत, शिवाय चिकटवलेल्या जागी इस्त्रीचा चट्टा राहतो.

डबीच्या कण्यावरचा क्रमांकही वाचा. अमेरिकन गेमचा एसएलयूएस किंवा एससीयूएस अक्षरांनी सुरू होतो, युरोपचा एसएलईएस किंवा एससीईएस. भारतात रीतसर विकले गेलेले पीएस-2 गेम पाल असल्याने त्यांच्यावर दुसऱ्या, म्हणजे युरोपच्या, जातीचा क्रमांक हवा. बाहेरून आयात केलेल्या प्रतीवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं स्टिकर लागतं, कायद्यानेच. माल बंद होऊन आल्यावर ते लागतं, म्हणून ते फिल्मच्या वर असतं. तेच स्टिकर फिल्मच्या खाली सापडलं तर डबी मध्ये कधीतरी उघडलीय अशी शंका घ्या. तुमच्या तीन डब्यांवर ते वर आहे, कडा थोड्या उचकटलेल्या, धुळीने काळ्या झालेल्या. मला ती धूळ फार आवडली.

चौथी डबी 'हनुमान: बॉय वॉरियर'. 2009 चा, हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने केलेला. प्लेस्टेशनसाठी पूर्णपणे भारतात तयार झालेला पहिला गेम म्हणून त्याचं नाव घेतात. खेळायला यथातथाच, पण आपल्याकडच्या जमवणाऱ्याने सोडू नये. डबी हलवल्यावर आत डिस्क खुळखुळते म्हणून तुम्ही घाबरलात. घाबरू नका, वाहतुकीत अस्सल सीलबंद डब्यांमधलीही डिस्क खुंटीवरून सुटते.

अमेरिकेतल्या ग्रेडिंगबद्दलही, म्हणजे गेम तपासून गुण देणाऱ्या कंपन्यांबद्दलही, विचारलंत. वाटा आणि व्हीजीए ही त्यातली ठळक नावं. वाटा खोक्याला 10 पैकी गुण देते आणि सीलला वेगळी अक्षरश्रेणी, ए++ पासून खाली. जुलै 2021 मध्ये हेरिटेज या लिलाव कंपनीच्या लिलावात 'सुपर मारिओ 64' ची 9.8 ए++ प्रत 15 लाख 60 हजार डॉलरला गेली, त्याच्या दोनच दिवस आधी 'झेल्डा' हा गेम 8 लाख 70 हजार डॉलरला. त्या बातम्या वाचून पोटमाळे उपसणारे लोक तेव्हापासून वाढले. नंतर बाजार बराच उतरला, हे विकणारे सांगत नाहीत. जळगावहून अमेरिकेला पाठवणं, विमा, परत येताना कस्टम, हे सगळं धरलं तर तुमच्या पीएस-2 साठी तो खटाटोप करू नका. मारिओ तर पाठवायचाच नाही, तो तिथून नाकारूनच येईल.

त्या गृहस्थांशी भांडू मात्र नका. त्यांनी स्वतः मारलेलं असेलच असं नाही, त्यांनाही कुणीतरी सीलबंद म्हणून विकलेलं असू शकतं. फक्त म्हणा की मारिओ खोक्यासह वापरलेल्या प्रतीच्या भावात घेतो, पण तुमच्यासमोर उघडून: आत काडतूस, त्याची काळी पिशवी, थर्माकोलचा ठोकळा आणि पुस्तिका निघाली तरच. कबूल झाले तर सौदा चांगला आहे. नाही झाले तर चार डब्या घेऊन या. त्या उन्हाच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, कूलरच्या ओलाव्यातही नको, आणि फिल्मवर सेलोटेप तर अजिबात लावू नका, निघताना ती फिल्म घेऊनच निघते.