छोट्या पेटीला लाकूड कोणतं?

प्रश्न : ताई, शाळेतून निवृत्त झाल्यावर हातात रंधा घेतला आहे. नातीच्या लग्नात जुन्या पद्धतीची फणीकरंड्याची पेटी द्यायची आहे, झाकणात आरसा असलेली. घरी ऐनाच्या जुन्या फळ्या आहेत, परसातल्या फणसाच्या चिरून ठेवलेल्या फळ्या आहेत आणि थोडं सागवान आहे. सगळ्यात टणक म्हणून ऐन घ्यावा का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : गुरुजी, ऐन नको. ऐन वाशांना आणि तुळयांना शोभतो. तिथे तो जाड असतो आणि छपराचा भार पेलतो. तुमच्या पेटीच्या भिंती जेमतेम तीन सुताच्या, म्हणजे इंचाच्या तीन अष्टमांश जाडीच्या, होणार. तेवढ्या पातळ फळीत त्याचा भरड पोत त्रास देतो, रंध्याची धार सारखी जाते आणि डव्हटेल, म्हणजे कोपऱ्यात एकमेकांत अडकणारे पाचरीसारखे दात, कापताना कडा उडतात. टणक म्हणजे चांगलं हा समज आपल्याकडे फार पक्का आहे, म्हणून सगळे आधी खैर, बाभूळ, ऐन यांच्याकडे वळतात. पेटीवर कुणी बसणार नाही की उभं राहणार नाही. तिला लागतं ते सरळ रेघेचं, पुरतं सुकलेलं आणि ऋतू बदलला तरी आकार न सोडणारं लाकूड.

तुमच्याकडचा फणस मला सर्वांत योग्य वाटतो. तंजावरची वीणा फणसाच्याच लाकडाची करतात, यावरून त्याची लायकी ओळखा. रंध्याखाली तो छान निघतो. नुकता रंधलेला फणस हळदीसारखा पिवळा दिसतो, उजेडाने वर्षभरात तपकिरी होत जातो. हे नातीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर रंग उतरला असं वाटेल. सालीलगतचा फिकट भाग मात्र निर्दयपणे काढून टाका. कीड तिथेच लागते आणि मग पेटीखाली पीठ पडायला लागतं.

फळी सुकली का, हे बोटाने कळत नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ती दर आठवड्याला ठेवा आणि वजन फळीवरच पेन्सिलीने लिहा. आकडा उतरत असेल तोवर थांबा. इंचभर जाडीला साधारण वर्षभर हवेशीर सावली हवी, हा आमच्या धंद्यातला जुना हिशोब आहे. पण आकडा स्थिर झाला की वर्ष मोजत बसू नका. हे सगळं पावसाळ्यात करू नका, तेव्हा सुकलेली फळीसुद्धा हवेतलं पाणी पिऊन जड होते.

झाकणाला सागवान वापरा, कारण झाकण वाकलं तर आरसा तडकेल. फळीच्या टोकाकडून पाहा. वाढीच्या रेषा पृष्ठभागाला काटकोनात उभ्या दिसल्या तर ती फळी झाकणाला, आडव्या कमानीसारख्या दिसल्या तर ती दुसऱ्या कामाला. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे रंधल्यावर त्याच दिवशी चिकटवा आणि त्याआधी सांध्यावरून थिनरचा बोळा फिरवा. आतून जवसाचं तेल लावू नका. बंद पेटीत त्याचा वास महिनोन्‌महिने राहतो. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे (लाखेचे) दोन-तीन पातळ हात पुरेत.

वखारीत शिवण या झाडाची फळी मिळाली तर घेऊन ठेवा. हलकी, फिकट, अगदी गुणी. माझं मत विचाराल तर छोट्या पेटीला ती सागापेक्षाही सरस आहे, पण सागाचं नाव मोठं म्हणून तिला कुणी विचारत नाही. झाकणावर नक्षी कोरायची असेल तर हेदूचं लाकूड पाहा. त्याचा पोत इतका बारीक असतो की पटाशीखाली कड तुटत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात सागाची पेटी केली. तळ चारही बाजूंनी फेव्हिकॉलने पक्का बसवला. एप्रिलमध्ये तळाला लांब चीर गेली. वखारवाल्याने खराब माल दिला का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : दादा, माल बहुधा चांगलाच होता. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. तुमच्या जुलैच्या आणि एप्रिलच्या हवेत केवढा फरक! सहा इंच रुंद तळ त्या दोन टोकांत दीड-दोन मिलिमीटर सहज आकसतो. चारही कडा चिकटवल्यामुळे त्याला जायला जागा उरली नाही, म्हणून तो मधोमध फाटला. पुढच्या वेळी भिंतींच्या आतून खाच पाडा आणि तळ तिच्यात नुसता सरकवा, डिंक अजिबात नको. पावसाळ्यात करत असाल तर तळ खाचेत जवळजवळ पूर्ण भरू द्या. उन्हाळ्यात करत असाल तर दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर मोकळं ठेवा.

प्रश्न : दागिन्यांच्या डबीसाठी बिबळा मिळतोय, रंग सुंदर आहे. घ्यावा का? आणि शिसवाची डबी कॅनडातल्या मुलीला पाठवली तर चालेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : बिबळा दिसतो देखणा, पण त्याच्या पेल्यात पाणी रात्रभर ठेवलं की पाण्याला रंग चढतो, हे तुम्ही पाहिलं असेल. ओल्या हाताचा, दमट कापडाचा त्याला तोच परिणाम होतो. लोखंडी खिळा लागला तर भोवती काळा डाग पडतो. घ्यायचाच असेल तर पितळी बिजागऱ्या आणि पितळी स्क्रू वापरा, आतून चपडा लावा आणि त्यावर मखमलीचं अस्तर द्या.

शिसव आणि त्याच्याच कुळातला शिसम दोन्ही जानेवारी २०१७ पासून सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे त्यांच्या परदेशी व्यापारावर नियंत्रण आहे. दहा किलोपर्यंतच्या तयार वस्तूंना २०१९ मध्ये सवलत मिळाली, तुमची डबी त्यात बसते. तरी लाकूड घेतल्याचं बिल डबीसोबत ठेवा, आणि कुरिअरवाल्याला डबी शिसवाची आहे हे आधीच सांगा.