एकनळी रायफलीसाठी काडतूस कोणतं घ्यावं, ४५-७० की ३५० लेजंड?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या ओहायो राज्यात हरणाच्या शिकारीसाठी मोडून उघडणारी एकनळी रायफल घ्यायची आहे, गोळी एकदाच झाडता येणार, मग ४५-७० सारखं दांडगं काडतूसच बरं नाही का? नाही. ३५० लेजंड घ्या. गोळी एकच आहे, म्हणूनच घ्या.

"एकच गोळी, मग मोठीच हवी" हे मी माझ्या साडूकडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय. माझ्या मुलीने हंटर एज्युकेशनचा, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचा, कोर्स पूर्ण केला तेव्हा त्याने मोठ्या कौतुकाने स्वतःची ४५-७० तिच्या हातात दिली. रायफल जेमतेम सहा पौंडांची, गोळी तीनशे ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). पोरगी हूं की चूं न करता झाडत राहिली. पण पुढच्या वेळी रेंजवर बघतो तर चाप ओढायच्या आधीच तिचे डोळे मिटत होते. साडू म्हणाला, सवय होईल. सवय झालीच, पण दचकायची. मी तिला न सांगता चेंबरमध्ये रिकामी पुंगळी घालून रायफल दिली. नुसतं खट् झालं, धक्का शून्य, तरी नळीचं टोक चांगलं खाली गेलं. साडूला तिथल्या तिथे दाखवलं. "अजून लहान आहे," म्हणाला.

तो अख्खा हिवाळा तिला .२२ वर, म्हणजे धक्का जवळजवळ नसलेल्या छोट्या रायफलीवर, बसवलं. मग ३५० लेजंडची एकनळी आणली आणि दस्ता तिच्या हाताच्या मापाने कापून घेतला. नोव्हेंबरात मुलांचा वेगळा सीझन असतो, सोबतच्या मोठ्या माणसाने तेव्हा शिकार करायची नसते. मी नुसता शेजारी बसलो होतो. मक्याच्या कापलेल्या शेताच्या कडेला मादी आली, ऐंशीएक यार्डांवर. पोरीने घोडा चढवला, मादी आडवी होईपर्यंत थांबली आणि खांद्यामागे बरोबर फुप्फुसात गोळी घातली. हरीण झाडीच्या तोंडाशीच पडलं. साडू म्हणाला, नशीब. ते मला अजून लागतं. थांबणं हे नशीब नसतं, आणि दचकणारा माणूस थांबू शकत नाही.

आता काडतुसांबद्दल. १५० ग्रेनची ३५० लेजंड २,३०० फूट प्रतिसेकंदाच्या पुढे निघते. दीडशे यार्डांपर्यंत व्हाइटटेल हरणाला ती भरपूर झाली, आणि ओहायोच्या शेताकडेच्या झाडीत त्याहून लांबचा नेम क्वचितच मिळतो. धक्का ४५-७० च्या निम्म्याहून कमी. ४५-७० काडतूस १८७३ सालचं, अमेरिकन लष्करासाठी काढलेलं. त्याचे फॅक्टरी लोड, म्हणजे कारखान्यात भरलेली काडतुसं, त्या जुन्या रायफलींना झेपावेत म्हणून बहुतेक सौम्यच ठेवतात. काही कंपन्यांचे जहाल लोडही मिळतात, ते हलक्या एकनळीत घालून खांद्याचे हाल करू नका. ४५० बुशमास्टर या दुसऱ्या काडतुसाचा धक्काही ४५-७० च्याच जातीचा. ४४ मॅग्नम हे आणखी एक काडतूस, शंभर यार्डांच्या आत उत्तम.

एक मुद्दा ४५-७० च्या बाजूचा आहे, तो मान्य करतो. त्याला आणि ४४ मॅग्नमला रिम, म्हणजे बुडाशी बाहेर आलेली कड, असते, आणि मोडणाऱ्या रायफलीत रिमवाली पुंगळी बिनबोभाट बाहेर येते. ३५० लेजंडला तशी रिम नाही, तिथे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या स्प्रिंगवर भिस्त. चेंबर स्वच्छ ठेवलं तर आम्हाला कधी अडचण आली नाही.

स्कोप लावणार असाल तर घोड्याला बाजूची कडी बसवून घ्या. थंडीत हातमोजा घालून स्कोपखाली अंगठा शिरत नाही.

आणि हो, हे सगळं ओहायोत हरणासाठी फक्त सरळ भिंतीच्या, म्हणजे पुढे मान आवळलेली नसलेल्या, काडतुसांच्या रायफली चालतात म्हणून. २०१४ पर्यंत तिथे हरणासाठी लांब बंदूक म्हणजे स्लगची (एकच जाड गोळी झाडणारी) शॉटगन किंवा ठासणीचीच बंदूक चालायची. शेजारच्या केंटकीत शिकार करणार असाल तर मानेची काडतुसंही चालतात, मग मी डोळे झाकून ७ एमएम-०८ सांगेन. नियम त्या त्या वर्षीचे वाचून घ्या.

तुमचा खांदा दणकट असेल आणि तुम्हाला ४५-७० खरंच आवडत असेल तर जरूर घ्या, पण आठ पौंडांच्या खालची रायफल नको. आणि विकत घेण्याआधी कुणाला तरी सांगून रिकाम्या पुंगळीची परीक्षा द्या. माझ्या साडूने ती अजून दिलेली नाही.