चिमणीला ‘चिमणी’ हे नाव कशावरून पडलं? आणि कारखान्याच्या धुराड्यालाही चिमणीच का म्हणतात?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की कुणीतरी तुम्हाला सांगितलं, जुन्या गिरण्यांच्या धुराड्यात चिमण्या घरटी करायच्या म्हणून धुराड्याला चिमणी नाव पडलं, आणि हे खरं आहे का. नाही हो, अजिबात नाही. पण हे तुम्ही एकट्यानेच ऐकलंय असं नाही, मी शाळेत मराठी शिकवते, दरवर्षी सहावी-सातवीत एक तरी पोरगं हेच सांगतं, आणि एकदा एका पालकानेही मला हे अगदी ठासून सांगितलं होतं. चिमणी घरटं कुठे करते ते आपण सगळ्यांनी बघितलंय, वळचणीला, भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोमागे, मीटरच्या पेटीत, ट्यूबलाइटच्या पट्टीवर. चालू धुराड्यात कशाला जाईल ती बिचारी.

खरं म्हणजे हे दोन वेगळे शब्द आहेत. पक्ष्याची चिमणी आपली घरची, धुराड्याची चिमणी इंग्रजीतून सून म्हणून आलेली. दोघींचा आवाज जुळला म्हणून त्या एका घरात नांदायला लागल्या, एवढंच.

आधी घरचीबद्दल. मराठीत ‘चिमणा’ म्हणजे लहान, इवला, नाजूक. चिमणे हात, चिमणी पावलं, चिमणं तोंड. चिमुकला, चिमुरडी हे त्याच गोतावळ्यातले. आणि पक्षी म्हणून नर तो चिमणा, मादी ती चिमणी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) लहान हा अर्थ आहे आणि पक्षीही आहे. मुंबईत पहिली कापड गिरणी सुरू झाली १८५६ ला, ताडदेवला, म्हणजे गिरणीचं धुराडं उभं राहायच्या कितीतरी आधी चिमणी मराठीत उडत होती, त्यामुळे धुराड्यावरून पक्ष्याला नाव पडलं असं उलटं सांगणारे असतात त्यांचंही तिथेच मिटतं.

अजून मागे जायचं तर माणसांची नावं बघा ना. थोरल्या बाजीरावांचे धाकटे भाऊ, ज्यांनी १७३९ ला वसई घेतली ते चिमाजी अप्पा, जुन्या कागदांत चिमणाजी असंही येतं. पुढे दुसऱ्या बाजीरावाचा भाऊ पण चिमणाजीच, १७९६ मध्ये थोडे दिवस त्याला पेशवेपदावर बसवलं होतं. दोन्हीकडे धाकटा भाऊ हे मला गमतीचं वाटतं, घरातलं शेंडेफळ ते चिमणा, आणि मग तेच नाव घेऊन मोठेपणी किल्ल्याला वेढा घालायचा. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या दोन्ही राण्यांचं नाव चिमणाबाई होतं, पहिल्या गेल्यानंतर महाराजांनी दुसरं लग्न केलं त्यांनाही तेच नाव, आणि या दुसऱ्या चिमणाबाई १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष होत्या. पुण्यात चिमण्या गणपती आहे, चिमणबाग आहे, साताऱ्यात चिमणपुरा पेठ आहे. आज मुलीचं नाव चिमणा ठेवायला कुणी धजणार नाही, पण लाडाने चिमणे म्हणून हाक मारणारी आजी अजून प्रत्येक घरात असते.

आता मला यातलं काय आवडतं ते सांगते. मराठीत पक्ष्यांची बरीच नावं त्यांच्या धंद्यावरून किंवा खोडीवरून पडलीत. पानं शिवतो तो शिंपी, शेपटी आपटत पाण्याकाठी फिरतो तो धोबी, सारखा नाचतो तो नाचण, बडबड करतो तो वटवट्या, घरटं विणते ती सुगरण. चिमणीला मात्र यातलं काहीच चिकटवलं नाही, ना रंग ना काम, फक्त ‘लहान’. आता लहान म्हणावं तर शिंपी तिच्याहून लहान असतो, सूर्यपक्षी तर अजूनच. पण ते बाहेर झाडावर असतात. घरात, ताटाजवळ येऊन शितं वेचणारा लहान जीव म्हणजे हाच, म्हणून लहानपणाचा शब्द हिला मिळाला असं मला वाटतं. माझं मत आहे हं हे, कोशात असं लिहिलेलं नाही.

आणि म्हणूनच पक्षी आणि मूल हे मराठीत एकमेकांत इतके मिसळलेत की वेगळे काढता येत नाहीत. चिमणपाखरं म्हणजे पक्षी की पोरं? पोरंच बहुतेक वेळा. हा घास चिऊचा, हा घास काऊचा. कुणी रागावलं की तोंड चिमणीएवढं होतं. ‘चिऊ’ हा तर सरळ आवाजावरून आलेला शब्द, चिवचिव वरून, बाळाला बोलता येत नाही तेव्हापासून आपण तो त्याच्या कानात घालतो.

मला सगळ्यात भारी वाटतो तो ‘चिमणीच्या दाताने’ हा प्रकार. तुम्ही शहरात वाढला असाल तर कदाचित माहीत नसेल म्हणून सांगते. शाळेच्या गेटबाहेर दहा पैशाची एकच लिमलेटची गोळी घेतलीय आणि मैत्रिणी दोन आहेत, मग काय करायचं, तर गोळी फ्रॉकच्या घेरात गुंडाळायची, कापडावरून दाताने कट्कन फोडायची आणि तुकडे वाटायचे. कापड मध्ये आलं म्हणजे दात लागला नाही, म्हणजे उष्टं नाही! कैरी असो, पेरू असो, गुळाचा खडा असो, सगळं असंच. बरं, चिमणीला दात नसतातच. बहुतेक म्हणूनच तिच्या दाताने तोडलेलं उष्टं होत नसावं. फ्रॉकला तो चिकट गोल डाग पडायचा आणि घरी आई विचारायची कुणाकुणाला वाटलीस.

चिऊकाऊची गोष्ट, काऊचं घर शेणाचं चिऊचं घर मेणाचं, ती तर सगळ्यांना पाठ आहे, पण एक गोष्ट मला स्वतःला कॉलेजात गेल्यावर कळली. ही गोष्ट लीळाचरित्रात आहे, म्हणजे तेराव्या शतकात, चक्रधरस्वामींच्या तोंडी. आणि तिथे मेणाचं घर चिमणीचं नाही, साळईचं आहे. साळई म्हणजे साळुंकी. कावळ्याचं घर शेणाचंच, ते काही सात-साडेसातशे वर्षांत सुधारलं नाही, पण मेणाच्या घरातली भाडेकरू मात्र बदलली. गोष्ट ऐकणारं पोर लहान, म्हणून गोष्टीतला पक्षीही लहान हवा, असंच काहीतरी झालं असणार.

संस्कृतात चिमणीला चटक म्हणतात, पंचतंत्रात हत्तीला धडा शिकवणारी चिमण्यांची जोडी आहे ती चटक आणि चटका. बंगालीत त्याचंच चोडुई झालं. मराठीने ते घेतलं नाही. (मराठीत चटका फक्त तव्याचा बसतो.) हिंदीत गौरैया, तेलुगूत पिच्चुका, गुजरातीत चकली, आणि गुजरातीत नळाची तोटी पण चकलीच, म्हणजे गुजराती घरात चकली बंद कर म्हणाले तर फराळाचा डबा शोधू नका. आमच्या सोलापूर भागात कानडी बोलणारे शेजारी गुब्बी किंवा गुब्बच्ची म्हणतात, आमच्या वाड्यात दोन्ही नावं चालायची. शास्त्रीय नाव पासर डोमेस्टिकस, त्यातलं डोमेस्टिकस लिनियसने १७५८ ला दिलेलं, म्हणजे घरातला. पासर हे लॅटिनमधलं चिमणीचं साधं नाव, आणि त्याच्यावरून जगातल्या निम्म्याहून जास्त पक्ष्यांच्या अख्ख्या गणाला पासरिफॉर्मिस नाव दिलंय, त्यात कावळा पण येतो! म्हणजे शास्त्राच्या कागदावर कावळा चिमणीच्या घराण्यात. मेणाच्या घरात शेवटी घेतलंच म्हणायचं त्याला.

आता सून म्हणून आलेली. इंग्रजीत चिमनी हा शब्द आला फ्रेंचमधल्या शेमिने वरून, तो लॅटिन कामिनाता वरून, म्हणजे शेगडी असलेली खोली, आणि त्याच्या मुळाशी ग्रीक कामिनोस, भट्टी. म्हणजे आधी भट्टी, मग शेगडीची खोली, मग शेगडी, मग शेगडीवरचं धुराचं नळकांडं असा अर्थ सरकत सरकत वर गेला, धुरासारखाच. इंग्रजांबरोबर तो इथे आला. आपल्याकडे धुराडं हा चांगला शब्द होता आणि अजून आहे, पण चिमनी म्हणायला सोपं गेलं, कारण तोंडाला वळण आधीच होतं.

आणि इथे पुरावा बघा, मला हा फार आवडतो. हिंदीत धुराड्याला चिमनी म्हणतात, नळाचा न. गुजरातीतही न. मूळ इंग्रजीत ण नाहीच. मराठीत आल्यावर मात्र त्याचा बाणाचा ण झाला. का? तर हिंदी-गुजरातीत ‘चिमणी’ नावाचा पक्षी नव्हता, मराठीत होता. परका शब्द घरातल्या शब्दासारखा ऐकू आला की आपण त्याला घरातल्याच साच्यात ओततो. मग तो स्त्रीलिंगी झाला, चिमणीला, चिमणीतून, अनेकवचन चिमण्या, सगळं पक्ष्यासारखंच. ‘गिरणगावातल्या चिमण्या दिसेनाशा झाल्या’ असं वाक्य मी मुलांना देते आणि विचारते कुठल्या? दोन्ही उत्तरं बरोबर.

तिसरी चिमणी राहिली. रॉकेलची. कंदिलाच्या, दिव्याच्या काचेलाही इंग्रजीत चिमनीच म्हणतात, १७८० च्या सुमाराला आर्गां नावाच्या माणसाने ज्योतीभोवती काचेची नळी असलेला दिवा काढला, तिथून दिव्यांना ही काच लागली, कारण नळीतून हवा वर ओढली जाते आणि ज्योत स्थिर जळते, धुराड्याचंच काम. आपल्याकडे नाव काचेवरून अख्ख्या दिव्याला लागलं आणि मग गंमत अशी की खेड्यात जिला चिमणी म्हणायचे तिला काचच नसायची! माझ्या आजोळी होती ती म्हणजे औषधाची रिकामी बाटली, पत्र्याच्या झाकणाला खिळ्याने भोक, त्यातून जुन्या धोतराच्या चिंधीची वात. कोनाड्यात ठेवायची, वर भिंतीला काजळीचा काळा पट्टा, आणि सकाळी नाकात बोट घातलं की काळं. ‘चिमणीच्या उजेडात अभ्यास केला’ असं आमच्या वडिलांच्या पिढीतले सगळे सांगतात, ती ही. आणि मला विचाराल तर या चिमणीला पक्ष्याचं नाव जरा जास्तच शोभतं, एवढीशी असायची, फुंकर मारली की गेली.

हल्ली चौथी पण आलीय, स्वयंपाकघरातली, गॅसवर बसवतात ती. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, फोडणीला घरघर करते आणि जाळी धुवायचा सगळ्यांना कंटाळा.

जाता जाता सोलापूरचं सांगते. जून २०२३ मध्ये इथल्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी पाडली, विमानतळाच्या उड्डाणाला आडवी येत होती म्हणून बरीच वर्षं वाद चालू होता. आधीपासून गावभर, पेपरात, व्हॉट्सअपवर एकच विषय, चिमणी पाडणार, चिमणी राहणार, चिमणी वाचवा. पोलीस बंदोबस्त वगैरे. माझ्या बहिणीची नात तेव्हा पाच वर्षांची, टीव्ही ऐकून ऐकून तिचं तोंड खरंच चिमणीएवढं झालं होतं, एका चिमणीला पाडायला एवढे पोलीस कशाला म्हणून. तिला समजावलं, फोटो दाखवला, ही चिमणी वेगळी गं, सिमेंटची. पटलं म्हणाली.

संध्याकाळी आम्ही जमिनीवर बोटं ठेवून खेळत होतो, कावळा उड, म्हैस उड वालं. मी म्हटलं चिमणी उड, सगळ्यांनी बोटं वर केली, हिने नाही केलं. आउट म्हटलं तर माझ्यावरच चिडली, आधी सांग ना कुठली ते.