उणे वीसमध्ये कॅम्पर आतून गरम कसा ठेवायचा?

तुम्ही विचारलंय की जानेवारीत पुण्यातून स्वतः बनवलेला कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय केलेली गाडी, घेऊन हिमाचलमधल्या स्पितीला जायचंय, तिथे रात्री उणे वीस होतं, तर गॅसची शेगडी मंद ठेवून झोपलं तर चालेल का. नाही चालणार. का ते सांगतो, पण आधी आमची फजिती ऐका.

आमची गाडी म्हणजे सेकंडहँड ट्रॅव्हलर, आत प्लाय मारलेला, दोन बंक आणि एक छोटा ओटा. मी, बायको आणि मेव्हणा असे शिमला-किन्नौर रस्त्याने गेलो, कारण मनालीकडचा कुंझुम पास हिवाळ्यात बंदच असतो. पहिली खरी कडक रात्र नाकोला. आता आपण पुणेकर, बारा डिग्रीला माकडटोपी काढणारी माणसं, त्यामुळे घाबरून मी संध्याकाळीच सगळ्या फटींना टेप मारली, खिडक्या गच्च लावल्या, आतच कुकर लावून खिचडी केली आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो. पहाटे बॅटरी मारून बघतो तर छताला जिथे जिथे स्क्रू होता तिथे प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर साबुदाण्याएवढा पांढरा बर्फाचा दाणा. ओळीने. दिसायला फार सुंदर हो. मग टपावर ऊन आलं आणि सगळे दाणे एकदम सुटले, मेव्हणा गोधडीतूनच म्हणतो, "दाजी, पाऊस पडतोय का?"

गोधडी सुती, ती भिजली की उणे तापमानात वाळतच नाही, म्हणजे दुसरी रात्र पहिलीपेक्षा वाईट गेली. तेव्हा कळलं की कॅम्परमध्ये थंडीच्या आधी ओल मारते. तीन माणसांचा रात्रभराचा श्वास, वर खिचडीची वाफ, आणि गॅस जळतो तेव्हाही पाणीच तयार होतं, एक किलो एलपीजी जाळला की जवळपास दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन हवेत जातं. ते जाणार कुठे, सगळ्यात गार धातू शोधतं आणि तिथे बसतं. म्हणून वरची एक खिडकी आणि खाली दाराजवळची एक फट बोटभर उघडी ठेवायचीच, कितीही जिवावर आलं तरी. स्वयंपाक शक्यतो बाहेर, नाहीतर दार उघडं ठेवून.

आता शेगडी. बंद जागेत जळत राहिली की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतला माणूस उठतच नाही. कोळशाची शेगडी तर त्याहून वाईट, तिचं नावही काढू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच, हीटर कुठलाही असो. आणि गंमत म्हणजे तिथे शेगडी धड पेटतही नाही, आपल्या सिलिंडरमध्ये ब्यूटेन बराच असतो, तो शून्याच्या जरा खाली गेला की वायूच होत नाही, सिलिंडर हलवला तर आत डुचमळतंय पण ज्योत मात्र मिणमिणती.

इलेक्ट्रिक हीटर विसरा. शंभर एएचची (अँपिअर-तास) बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-तास, त्यावर १५०० वॉटचा ब्लोअर लावला तर तासभरही निघत नाही. लिथियम बॅटरी असेल तर ती आत, माणसांजवळ ठेवा, शून्याखाली तिला चार्जिंग केलं की खराब होते.

खरं काम करतो तो डिझेल एअर हीटर. तो जळायला हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो आणि आत फक्त गरम हवा फेकतो, म्हणून आत कोरडंही राहतं. दोन किलोवॉटचा आपल्या गाडीला पुरतो, तासाला पाव लिटरच्या आसपास डिझेल पितो. पण उंचीवर हवा विरळ, डिझेल नीट जळत नाही आणि आत काजळी धरते, तेव्हा उंचीचं सेटिंग असलेलाच घ्या, रोज थोडा वेळ फुल्लवर चालवा आणि बंद करताना त्याचा पंखा थांबेपर्यंत वायर काढू नका. आमच्या हीटरची वायर मेव्हण्याने मोबाइल चार्जिंगसाठी उपटली होती, त्यावर जास्त बोलत नाही. आणि झोपायच्या आधी एक्झॉस्टपुढे बर्फ साचलेला नाही ना ते बघा.

हीटरच्या आधी मात्र पैसे इन्सुलेशनवर घाला. पुण्यात बोहरी आळीत एसीच्या पाइपांना गुंडाळतात ते काळं नायट्राइल रबर शीटमध्ये मिळतं, ते पत्र्याला सलग चिकटवा, उघडा पत्रा कुठे दिसता कामा नये. जमिनीला विसरू नका, आम्ही विसरलो होतो, पाय सकाळपर्यंत परके. खिडक्यांना त्याच शीटचे मापात कापलेले तुकडे.

बाकी आईच्या कंबरदुखीची ती रबरी गरम पाण्याची पिशवी, झोपताना पायाशी घ्या, पहाटेपर्यंत साथ देते. आमच्या सगळ्या खर्चात हीच वसूल झाली. पांघरायला लोकरीची घोंगडी, गोधडी नको.

डिझेल पुण्याचं भरून वर नेऊ नका, थंडीत त्यात मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो, गाडीही बंद आणि हीटरही. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ पर्यंत चालणारं विंटर डिझेल काढलं, तसं वर कुठे मिळतंय का ते पंपावर विचारा. कूलंटमध्ये गॅरेजवाल्याने नुसतं पाणी ओतलेलं नाही ना तेही तपासून घ्या.

आणि निघायच्या आधी एक रात्र महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या बाजूला काढा. तिथे कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात, तुमच्या गाडीत ओल कुठे धरते ते तिथेच कळेल.

हां, एक राहिलं, वर गेल्यावर रात्री हँडब्रेक ओढू नका, गोठून बसतो. गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा.